१९६८ च्या कॅमेरोत हर्स्टचा शिफ्टर बसवताना

शेव्हरोलेच्या जुन्या कॅमेरो गाडीत गिअरचा दांडा ढिला झाला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. इंडियानातल्या मुन्सी गावच्या कारखान्यात जनरल मोटर्सने १९६३ ते १९७४ या काळात बनवलेला चार गिअरचा बॉक्स चांगलाच दणकट आहे. झिजतो तो त्याच्या बाहेर बसवलेला शिफ्टर, म्हणजे दांड्याची हालचाल बॉक्सपर्यंत पोचवणारी यंत्रणा. न्यूट्रलमध्ये मूठ हातभर डुलते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा वाट शोधत बसतो, पहिला टाकायला जावं तर रिव्हर्सच्या खाचेत शिरतो. पिना, बुश आणि आतल्या पट्ट्यांची भोकं पन्नासेक वर्षांत अंडाकृती झालेली असतात, आणि प्रत्येक जोडातला थोडा थोडा खेळ मिळून मुठीपाशी दोन-तीन इंच होतो.

गाडी १९६८ ची कॅमेरो, बॉक्स वर सांगितलेला मुन्सीच, त्यातला एम-२०. कारखान्याचा शिफ्टर काढून तिथे हर्स्ट या अमेरिकन कंपनीचा कॉम्पिटिशन प्लस हा शिफ्टर बसवला. हा बदल गाडीच्या काळाला धरूनच आहे. पाँटियाकने १९६४ च्या जीटीओ गाडीत हर्स्टचा शिफ्टर कारखान्यातूनच दिला होता, आणि १९६९ पासून शेव्हरोलेनेही कॅमेरोच्या चार गिअरच्या गाड्यांत तोच घातला. कुठेही पत्रा कापावा लागत नाही, त्यामुळे जुना शिफ्टर पुसून, तेल लावून, त्याच्या रॉडसकट खोक्यात ठेवला की गाडी केव्हाही मूळ स्वरूपात आणता येते. जुनं सामान फेकू नका. झिजलेल्या मूळ शिफ्टरलाही गिऱ्हाईक असतं.

आधी बॉक्स नक्की कोणता आहे ते बघा. गाडीच्या कागदांवर विसंबू नका; इतक्या वर्षांत बॉक्स बदललेला असू शकतो. खाली शिरून डाव्या बाजूचं कव्हर पाहायचं. मुन्सीच्या कव्हरला ७ बोल्ट असतात, त्यातून दोन शाफ्ट बाहेर येतात, आणि रिव्हर्सचा तिसरा शाफ्ट टेलहाउसिंगमधून, म्हणजे बॉक्सच्या मागच्या टोकाच्या आवरणातून येतो. बॉक्स आणि टेलहाउसिंग ॲल्युमिनियमचं. सॅगिनॉ या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या बॉक्सच्या कव्हरलाही ७ बोल्ट, पण तिन्ही शाफ्ट कव्हरमधूनच येतात आणि बॉडी ओतीव लोखंडाची असते. बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या टी-१० बॉक्सच्या कव्हरला ९ बोल्ट. लहान इंजिनाच्या कॅमेरोत सॅगिनॉ सर्रास सापडतो, आणि मुन्सीचं किट, म्हणजे शिफ्टर बसवायची प्लेट, आर्म आणि रॉड, त्यावर बसत नाही. मुन्सी असला तरी आणखी एक गोष्ट बघावी लागते: १९६८ पर्यंतच्या कव्हरच्या शाफ्टना बाहेर आटे असतात आणि आर्म नटाने धरलेले असतात, १९६९ पासून शाफ्टला आतून आटे आले आणि आर्म बोल्टने आवळायला लागले. किट मागवताना गाडीचं मॉडेल, वर्ष, बॉक्स आणि कव्हरची ही जात एवढं सांगायलाच हवं. कॅमेरो आणि शेव्हरोलेचीच दुसरी गाडी शेवेल, यांचा बॉक्स एकच असला तरी माउंटिंग प्लेट, रॉड आणि दांड्याचा बाक वेगळा असतो.

पुढे गोंधळ नको म्हणून: बॉक्सच्या शाफ्टवर बसतात त्या पट्ट्यांना मी आर्म म्हणतो, शिफ्टरच्या अंगच्या पट्ट्यांना लिव्हर, आणि दोघांना जोडणाऱ्या सळ्यांना रॉड. आर्म तीन, लिव्हर तीन, रॉड तीन. मुन्सीत कव्हरवरचा पुढचा आर्म ३-४ चा (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा), मागचा १-२ चा, टेलहाउसिंगवरचा रिव्हर्सचा. शिफ्टर टेलहाउसिंगच्या बाजूला बसत असल्यामुळे सर्वांत लांब रॉड ३-४ चा आणि सर्वांत आखूड रिव्हर्सचा. पेटीत रॉडना चिठ्ठ्या लावलेल्या नसल्या तरी एवढ्यावरून ते ओळखता येतात.

या कामात खरं महत्त्व कशाला आहे ते इथेच सांगतो. कव्हरच्या आत एक अडसर असतो: १-२ चा फोर्क (गिअर सरकवणारा आतला चिमटा) न्यूट्रलमधून हलला की ३-४ चा हलू शकत नाही, आणि उलटही तसंच. रिव्हर्स मात्र या अडसरात येत नाही. तो टेलहाउसिंगमध्ये स्वतंत्र राहतो. पुढचा एखादा गिअर पडलेला असताना रिव्हर्स हलू न देणं ही सर्वस्वी शिफ्टरची जबाबदारी. तिन्ही लिव्हर न्यूट्रलला एका रेषेत नसतील तर दांडा एका लिव्हरमधून पुरता सुटायच्या आत दुसरीला धरतो. पहिला आणि रिव्हर्स एकदम पडले की बॉक्स जागच्या जागी जाम होतो. चालत्या गाडीत हे झालं तर दात तुटतात. नवा शिफ्टर किती महागाचा आहे याने काही फरक पडत नाही. तिन्ही लिव्हर एका रेषेत आणणं हेच मुख्य काम, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

हत्यारं इंची हवीत. त्या काळच्या अमेरिकन गाडीत मेट्रिक नट-बोल्ट नाहीत. आपला हात १३ च्या पान्यावर बसलेला असतो आणि तो अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, जोर दिला की डोकं गोल होतं. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी, त्यावर १४ चा पाना शिरतच नाही आणि १५ चा घसरतो. पाऊण इंचाला १९ चा चालतो, तेवढाच काय तो अपवाद. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ चे रिंग पाने, त्याच मापांचे बॉक्स पाने, लांब एक्स्टेन्शन, चपटा आणि टोकदार पक्कड, वायर ब्रश, झिरपणारं तेल, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते सांगणारा), निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक). आणि पाव इंच जाडीची गुळगुळीत पिन. किटमध्ये ती येते. हरवली तर पाव इंची ड्रिलची मागची बाजू वापरा. ६ मिमीची सळी चालणार नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ६ च्या सळीत प्रत्येक लिव्हरला एक तृतीयांश मिलीमीटरच्या आसपास मोकळीक मिळते आणि जुळणी केल्याचं नुसतं समाधान मिळतं.

आदल्या दिवशी खालून सगळ्या नटांवर झिरपणारं तेल मारून ठेवा. आर्मचे नट आणि टेलहाउसिंगमधले बोल्ट ॲल्युमिनियमच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेले असतात, आणि ॲल्युमिनियममधले आटे बोल्टबरोबर बाहेर आले तर काम भलतंच वाढतं. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं उचलून, चार मजबूत घोड्यांवर (जॅक स्टँडवर). नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. मागची चाकं अधांतरी हवीत, कारण पुढे गिअर तपासताना ती हाताने फिरवायची आहेत. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि कन्सोलमधल्या तारा हाताळायच्या आहेत.

आधी आतलं काम. मूठ फिरवून काढा, कन्सोल (दोन सीटमधली पेटी) असेल तर त्याचे स्क्रू काढून तो मागे सरकवत उचला. आत दिव्याच्या तारा असतात, आणि मीटर कन्सोलवर असलेल्या गाडीत त्यांच्याही. ओढण्याआधी त्या सोडवाव्या लागतात. दांड्याभोवतीचा वरचा बूट (आवरण), मग त्याखालचा रबरी बूट आणि त्याची कडी. चार गिअरच्या कॅमेरोत तळाच्या बोगद्यावर (बॉक्सवरून जाणाऱ्या उंच भागावर) पत्र्याचा एक वेगळा उंचवटा बसवलेला असतो आणि दांड्याचं भोक त्यात असतं. भोकाच्या कडेला गंज किंवा तडे असतील तर आत्ताच साफ करून रंग मारा. नंतर तिथे हात पोचत नाही.

मग खाली. जुने रॉड काढण्याआधी एक फोटो, आणि कोणता रॉड कुठे होता ते खडूने लिहून. हेअरपिन क्लिपा पक्कडीने ओढून काढायच्या आणि टाकून द्यायच्या, त्या पुन्हा वापरायच्या नाहीत. रॉड सुटले की शिफ्टरचे आणि त्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट. शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या हाताने शिफ्टर धरून ठेवा, तो चांगला जड असतो. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच जुन्या ब्रॅकेटवर असेल तर तो अलगद बाजूला काढून ठेवा, तो परत लागणार आहे. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टही एक्झॉस्टचा पाइपही काढावा लागत नाही, मात्र एक्झॉस्टचा डावा पाइप फार चिकटून जात असेल तर त्याचं हँगर सैल करून थोडा खाली घेतलेला बरा. पाना फिरवायला जागा मिळते.

आता शिफ्टर नसलेला बॉक्स समोर आहे. ही संधी सोडू नका. जुने आर्म अजून शाफ्टवर आहेत. ते हाताने हलवून बघा. ३-४ आणि १-२ च्या आर्मना तीन जागा: पुढे, मध्ये, मागे. मधली न्यूट्रल. प्रत्येक जागेवर टिक्‌ करून बसल्याचं बोटांना स्पष्ट कळलं पाहिजे. रिव्हर्सच्या आर्मला दोनच जागा. जागा लागत नसली तर जोर न करता कोणाला तरी मागचं चाक हळू फिरवायला सांगा, दात समोरासमोर आलेले असतात ते पुढे सरकतात. १-२ चा आर्म गिअरमध्ये ठेवून ३-४ चा हलवून बघा: हलता कामा नये. हलला, तर कव्हरमधला अडसर झिजलेला आहे आणि कव्हर उघडावं लागणार. बसल्याची टिक्‌ जाणवत नसेल तरी दोष कव्हरच्या आत आहे, आणि वर कुठलाही शिफ्टर लावून तो जाणार नाही. हे न तपासता नवा शिफ्टर लावणारे बरेच असतात आणि मग दोष नव्या मालाला दिला जातो.

शाफ्टभोवती तेल ओलं दिसतं का तेही बघा. थोडा ओलसरपणा जुन्या मुन्सीत चालतो. थेंब पडत असतील तर आर्म काढल्यावर शाफ्टची सीलं बदलण्याची हीच वेळ, अर्थात त्यासाठी कव्हर काढून तेल सांडावं लागतं. या बॉक्सला तेल लागतं अमेरिकन ३ पाइंट, म्हणजे साधारण १.४ लिटर. ८०डब्ल्यू-९० चं जीएल-४ प्रतीचं घाला. जीएल-५ मधल्या रसायनांचा आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होऊ शकतो. दुकानात बहुतेक वेळा जीएल-५ च पुढे केलं जातं, डब्यावरचं वाचून घ्या.

माउंटिंग प्लेट टेलहाउसिंगच्या डाव्या अंगावर बसते. आधी बोल्टांची भोकं वायर ब्रशने आणि हवेने साफ करून घ्या. बोल्ट नुसता हाताने शेवटपर्यंत फिरवून बघायचा: सहज जातो का, आणि प्लेट धरूनही आट्यांत पुरेसा शिरतो का. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आटे पकडीत हवेत. ३/८ च्या बोल्टला म्हणजे ९/१६ इंच. उलट बोल्ट जास्त लांब असून भोकाच्या तळाला टेकला, तर टॉर्क पाना भरल्याचं सांगतो आणि प्लेट सैलच राहते. आणखी जोर केला तर ओतीव भागाला तडा जातो. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मगच पुढे. टॉर्क ३/८ च्या बोल्टला २५ ते ३० फूट-पाउंड, त्यापलीकडे नाही, आणि आट्यांवर निळं थ्रेडलॉकर. प्लेटला मुळीच हालचाल नको. सगळी जुळणी या प्लेटच्या भरवशावर आहे. ती केसभर हलली तरी सगळे रॉड एकदम लांब-आखूड झाल्यासारखे वागतात.

शिफ्टर प्लेटवर लावताना तो वरून, भोकातून आत सोडणं सोपं की खालून चढवणं, हे गाडीतल्या जागेवर ठरतं. दांडा बोल्टने जोडायचा असतो, तो शेवटी लावा, म्हणजे नुसती यंत्रणा खालून नीट वर जाते. तिन्ही लिव्हर पुढे-मागे हलवून मोकळ्या आहेत ना ते बघा. उंचवट्याच्या पत्र्यापासून चारही बाजूंनी बोटभर अंतर हवं. इंजिन जोर घेतं तेव्हा बॉक्ससकट शिफ्टर फिरतो आणि पत्र्याला लागला तर त्या धडकेचा आवाज सबंध गाडीत घुमतो.

इथे इंजिनच्या रबरी माउंटांबद्दल. डावं माउंट फाटलेलं असलं की जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन उचललं जातं. याच कारणासाठी १९७१ साली जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यांत त्या काळच्या कॅमेरोही होत्या. शिफ्टर बॉक्सलाच धरलेला असल्यामुळे तो इंजिनबरोबर फिरतो आणि दांडा कन्सोलच्या कडेला घासतो. दांडा वाकवून हे लपवू नका. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच किंचित सोडत इंजिनवर ताण आणून बघा. समोर कोणीही उभं राहायचं नाही, बाजूनेच बघायचं. इंजिन दीड-दोन इंच उचललं जात असेल तर आधी माउंट.

आर्म बसवताना बाजू बघा. किटमधला आर्म दोन्ही अंगांनी शाफ्टवर बसतो, आणि वर तोंड करून लावायचा की खाली, यावर सगळं अवलंबून आहे. उलटा लागला तर पहिल्याच्या जागी दुसरा आणि तिसऱ्याच्या जागी चौथा पडतो. माहितीपत्रकातल्या चित्राशी तिन्ही आर्म ताडून बघा आणि मगच आवळा. शाफ्टच्या चपट्या बाजूवर आर्म पूर्ण बसला पाहिजे. अर्धवट बसवून नट आवळला तर चपटी कड झिजते आणि तिथे जो खेळ येतो तो आयुष्यभर राहतो. आवळताना आर्म पक्कडीने धरून ठेवा, नाहीतर पान्याचा सगळा पीळ आतल्या फोर्कवर जातो. हे नट सैल होणं हा मुन्सीवरचा सर्वांत नेहमीचा दोष आहे. इथेही थ्रेडलॉकर.

आता पिन. तिन्ही आर्म न्यूट्रलला आणा. खात्री करायची असेल तर मागचं चाक फिरवा: इंजिनचा अडथळा न येता मोकळं फिरलं पाहिजे. शिफ्टरच्या तिन्ही लिव्हर न्यूट्रलला आणून बॉडीतल्या भोकातून पाव इंची पिन आरपार घाला. ती पहिल्या लिव्हरमधून, दुसरीतून, तिसरीतून जाऊन पलीकडे निघते. या क्षणापासून शिफ्टर गोठलेला आहे आणि बॉक्स न्यूट्रलला आहे. उरलं फक्त मधलं अंतर.

प्रत्येक रॉडच्या एका टोकाला बारीक आटे आणि त्यावर फिरणारं बटन. दुसरं टोक आधी बुश घालून क्लिपने अडकवा. मग बटन आट्यांवर पुढे-मागे फिरवत त्याच्या भोकासमोर आणा. ते भोकात आपणहून पडलं पाहिजे. दाबून, रॉड ओढून, आर्म किंचित ढकलून बसवलं तर पिन काढताच लिव्हर तेवढीच उलट सरकते आणि रेषा मोडते. बटन एकाच बाजूने भोकात जात असल्यामुळे ते पूर्ण फेऱ्यांनीच पुढे-मागे करता येतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बसतंय असं वाटलं तर ज्या बाजूला कमी ताण तिथे ठेवा आणि पिन पुन्हा तपासा. क्रम रिव्हर्स, १-२, ३-४ असा ठेवला तर हात जायला जागा राहते, कारण लांब रॉड बाकीच्यांच्या वाटेत येतो.

तिन्ही रॉड लागले की पिन बाहेर काढून पुन्हा घाला. बोटांनी, हातोडीशिवाय. अडली तर नक्की कोणत्या लिव्हरपाशी अडते ते पिन किती आत गेली त्यावरून कळतं. फक्त त्याच रॉडचं बटन एक फेरा फिरवा. नंतर सगळे गिअर एकदा फिरवून, न्यूट्रलला येऊन पुन्हा पिन. अशी ती दर वेळी सरळ जाईपर्यंत बटनं जागेवर धरणारे चेक नट आवळायचे नाहीत. या टप्प्यावर घाई करणाऱ्याला हेच काम पुन्हा खाली झोपून करावं लागतं.

बुश नायलॉनचे घ्यावेत की पोलादी? नायलॉन शांत, पण एक्झॉस्टच्या उष्णतेने आणि वयाने ठिसूळ होऊन तुटतात. पोलादी टिकतात आणि हाताला गिअर नेमका कळतो, मात्र ठरावीक आरपीएमला बारीक किणकिण ऐकू येते. गाडी रोज चालवायची नसेल तर पोलादीच. बुशांना ग्रीसचा हलका हात पुरे. लपेटून लावलेल्या ग्रीसवर रस्त्याची वाळू चिकटते आणि तीच बुश खाते.

स्टॉप बोल्टांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कॉम्पिटिशन प्लसच्या बॉडीत पुढे-मागे असे दोन बोल्ट असतात. दांडा गिअरमध्ये पूर्ण गेल्यावर त्यांना टेकून थांबतो. ते नसले तर चालवणाऱ्याचा सगळा जोर रॉडमधून आतल्या फोर्कवर आणि सिंक्रोच्या स्लीव्हवर (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्यावर) जातो. जोराने गिअर टाकायची सवय असलेल्याच्या गाडीत वाकलेले फोर्क निघतात ते यामुळे. जुळणी अशी: दोन्ही बोल्ट थोडेच आटे पकडीत राहतील इतके मागे काढा. दांडा तिसऱ्यात दाबून टाका. हात सोडा. त्या दिशेचा बोल्ट टेकेपर्यंत आत फिरवा. दांडा तिसऱ्याकडे पुन्हा दाबून सोडा, मग बोल्ट एक पूर्ण फेरा मागे घेऊन चेक नट आवळा. चौथ्याला हेच, दुसऱ्या बोल्टवर. एका फेऱ्याचं हे अंतर मुद्दाम सोडायचं आहे. गिअर आत पूर्ण बसतो आणि त्यानंतर लगेच दांडा थांबतो. बोल्ट याहून आत घेतले तर दांड्याची चाल आखूड आणि घट्ट वाटते, चालवायला झकास. पण स्लीव्ह अर्धवटच सरकते आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच गिअर सुटतो. अर्धवट बसलेल्या गिअरवर चालवलेल्या गाडीत दातांच्या कडा गोल होतात आणि मग पुढे जुळणी कितीही नीट केली तरी तो गिअर टिकत नाही.

३ आणि ४ वर बोल्ट बसवले तरी १, २ आणि रिव्हर्स स्वतंत्र तपासा. प्रत्येक गिअर टाकून खाली आर्म हाताने त्याच दिशेने ढकला: आणखी जात असेल तर गिअर पूर्ण पडलेला नाही, आणि त्या दिशेचा बोल्ट आणखी मागे घ्यावा लागेल.

रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच नव्या ब्रॅकेटवर लावून रिव्हर्स पडला की दिवा लागतो ना ते बघा. स्विचची दांडी रॉडला आडवी येता कामा नये. १९६९ आणि पुढच्या गाडीत हे काम करत असाल तर आणखी एक दुवा आहे: त्या वर्षापासून किल्ली स्टिअरिंग कॉलमवर गेली, आणि गिअर रिव्हर्समध्ये असल्याशिवाय ती निघत नाही. कॉलमकडे जाणारा तो रॉड नव्या आर्मला जोडावाच लागतो. त्यानंतर तिन्ही रॉडवरून पूर्ण लांबीभर हात फिरवा. क्लचचा आडवा शाफ्ट, पार्किंग ब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, एक्झॉस्ट. कोणत्याही गिअरमध्ये यांपैकी कशालाही रॉड शिवता कामा नये. गिअर टाकताना रॉडची चाल बदलते, त्यामुळे नुसतं न्यूट्रलला बघून भागत नाही.

वर येऊन दांडा लावा. त्याचे दोन बोल्ट घट्ट. रबरी बूट आणि कडी आधी, सगळ्या स्क्रूंसकट. हा बूट दिसत नाही म्हणून काही जण टाळतात. खालच्या भोकातून येणारा एक्झॉस्टचा धूर थेट आत बसणाऱ्यांच्या अंगावर येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. बूट फाटका असेल तर नवाच. मग कन्सोल, वरचा बूट, मूठ. हर्स्टच्या दांड्याला ३/८-१६ चे आटे असतात. जुन्या मुठीचे वेगळे असू शकतात. मूठ बळेच फिरवायची नाही. आधी चेक नट, मग मूठ, आणि गिअरचा नकाशा सरळ आला की नट वर घेऊन आवळा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर, दोन्ही दिशांनी. न्यूट्रलला दांडा सोडला की स्प्रिंगमुळे तो आपोआप ३-४ च्या ओळीत येऊन उभा राहिला पाहिजे. रिव्हर्ससाठी डावीकडे स्पष्ट जोर लागतो, तो कमी करू नका. पहिल्याकडे जाताना हात चुकू नये म्हणूनच तो आहे. मग इंजिन चालू, मागची चाकं अजून अधांतरी. क्लच दाबून रिव्हर्स टाकताना कुरकुर झाली तर लगेच शिफ्टरकडे जाऊ नका. मुन्सीत रिव्हर्सला सिंक्रो नाही. क्लच दाबून आतलं चक्र थांबेपर्यंत क्षणभर वाट बघायची असते. थांबूनही कुरकुरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा मोकळा खेळ एक इंचाच्या आसपास हवा. तसंच फक्त दुसऱ्यालाच दात वाजत असतील आणि बाकी सगळे गिअर स्वच्छ पडत असतील, तर दोष दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगेत आहे, रॉडमध्ये नाही.

रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन मग एकदम ॲक्सिलरेटर सोडून बघा. दांडा जागचा हलला तर स्टॉप बोल्ट पुन्हा. एम-२० च्या चार गिअरची गुणोत्तरं २.५२, १.८८, १.४६ आणि १ अशी आहेत, म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम फार खाली येत नाही, आणि नेमक्या याच बदलात जुन्या शिफ्टरचा ढिलेपणा सर्वांत जाणवत असे. दांडा इथे पुढे ढकलताना आपणहून उजवीकडे तिसऱ्याच्या ओळीत गेला पाहिजे.

साधारण १५० किलोमीटर चालल्यावर गाडी परत घोड्यांवर घ्या. प्लेटचे बोल्ट, आर्मचे नट, रॉडचे चेक नट, क्लिपा. आणि पिन पुन्हा एकदा आरपार. नवे बुश बसताना थोडी जागा करतात, त्यामुळे एखादं बटन एक फेरा फिरवावं लागणं स्वाभाविक आहे.

गाडीच्या डिकीत पाव इंची पिन, ९/१६ चा पाना, पक्कड आणि दोन जादा क्लिपा कायम ठेवा. वाटेत बॉक्स जाम झालाच, तर दांड्यावर जोर करू नका आणि गाडी ढकलूही नका. सपाट जागी इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून उटी लावा, खाली शिरून रिव्हर्सच्या रॉडची क्लिप काढा आणि रिव्हर्सचा आर्म हाताने न्यूट्रलला आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने बाकीचे मोकळे होतात. पिन घालून रॉड परत अडकवला की घरापर्यंत जाता येतं. रिव्हर्सचा रॉड वाकलेला निघाला तर तो काढून टाकून पुढच्या चार गिअरवरही जाता येतं, फक्त रिव्हर्सचा आर्म न्यूट्रलच्या जागी तारेने बांधून घ्या.